घर रिकामं असताना

आमच्या लग्नाच्या व्हिडिओत कोणीच बोलत नाही. म्हणजे सगळे बोलतात, ओठ हलतात, माझा मेहुणा तर तावातावाने काहीतरी सांगतोय. पण वर्ध्याच्या स्टुडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यावर सिनेमाची गाणी टाकून दिली आहेत. तेव्हा सगळेच असं करायचे. जया गेल्यावर मी ती सीडी शोधून काढली, लावली आणि एकट्याने टीव्हीसमोर बसून त्या स्टुडिओवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

जया म्हणजे माझी बायको. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. तिचे फोटो ढिगाने आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. मोबाईल समोर धरला की ती गप्प व्हायची आणि हातानेच ‘नको, नको’ करायची. तिचा नंबर लावला तर आता कंपनीची बाई सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. ती काय बोलायची ते मला आठवत होतं, अगदी शब्दन्‌शब्द. पण हळूहळू ते शब्द डोक्यात माझ्याच आवाजात ऐकू यायला लागले. तेव्हा मी हादरलो. तिचं जे काही माझ्याकडे उरलं होतं, तेही चाललं होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या, असं सरळसोट काम. चूक नुसती सापडून भागत नाही, ती पुन्हा घडवून दाखवावी लागते. नाहीतर ती नव्हतीच, असं धरतात. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढे जन्मभर मास्तरकी केली. आमच्या घरात भूत, अंगारा, नवस यांची नावं काढायचीही सोय नव्हती. हे सांगायचं कारण, पुढचं सांगणारा माणूस कोण आहे ते कळावं.

मला पूर्वी एक नाद होता. वाजवता मला काहीच येत नाही, पण कान बरे आहेत. वाघोलीच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आजूबाजूला नुसते मोकळे प्लॉट होते आणि लोडशेडिंग होतं. जुन्या बाजारातून मी दोन कॅसेट डेक आणले आणि रविवारी एक खेळ सुरू केला. स्टीलच्या पातेल्यात माइक ठेवायचा, पंखा चालू ठेवायचा, रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि दाराला बाहेरून कुलूप लावून आम्ही दोघांनी स्कूटरवरून मंडईत भाजीला जायचं. आल्यावर कॅसेटमध्ये रिकाम्या घराचा आवाज मिळायचा. पुढच्या रविवारी ती कॅसेट घरात वाजत ठेवायची आणि दुसऱ्या डेकवर पुन्हा रेकॉर्ड करायचं. घराला घर ऐकवायचं. असं बरेच रविवार केलं की पंखा, फ्रीज, भिंती, सगळ्यांचा मिळून एक जाड, लांबलचक सूर तयार व्हायचा. मी त्याला संगीत म्हणायचो. जया म्हणायची, “चला, घराला गप्पा मारू द्या. आपण असलो की ते लाजतं.”

ती गेल्यावर घरात वेळ खायला उठायचा. म्हणून त्या कॅसेटी काढल्या, संगणकावर घेतल्या, साफ केल्या. ऑफिसातली नम्रता म्हणाली, “सर, नेटवर टाका ना. असलं एक्स्पेरिमेंटल ऐकणारे खूप लोक आहेत.” मी टाकलं. कोण ऐकणार होतं!

सोमवारी कँटीनमध्ये नम्रता ताट घेऊन समोर बसली.

“सर, तुमचा अल्बम ऐकला. एकदम हाँटिंग. आणि त्या लेडीचा आवाज कसला सॉलिड आहे. कोण आहेत त्या?”

“कुठली लेडी?”

“त्या बोलतात ना, मागे. भाजी निवडता निवडता बोलल्यासारखं.”

मी म्हटलं, तुझ्या हेडफोनमध्ये रेडिओ शिरला असेल. ती हसली. पण घरी येऊन मी सगळी गाणी परत ऐकली. पंखा होता, फ्रीज होता, लांबून जाणारा ट्रक होता. बाई नव्हती.

आठवडाभरात अल्बमच्या नेटवरच्या पानावर लोक लिहायला लागले. कुठला कोण परदेशी माणूस विचारत होता, ही स्त्री कोणत्या भाषेत बोलते? सोलापूरच्या कोणीतरी त्याला उत्तरही दिलं होतं, मराठीत, म्हणून. आणखी एकीने लिहिलं होतं की आवाज जरा बसका आहे, आणि वाक्य संपताना ती किंचित हसते.

मी खुर्चीतून उठलो आणि उभाच राहिलो. जयाचा आवाज बसका होता. वाक्य संपताना ती हसायची.

मग मी जे जे करता येतं ते केलं. नवे हेडफोन आणले. आवाजाचा आलेख स्क्रीनवर मोठा करून इंच इंच पाहिला. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी केली. तो म्हणाला, तुमच्या वयाला इतके चांगले कान मी बघितले नाहीत. या कौतुकाचं मी काय करणार होतो? जगात कोणालाही माझी बायको ऐकू येत होती. फक्त मला नाही. रागाने आणि लाजेने मी त्या कानांवर बुक्क्या मारल्या.

समोरच्या फ्लॅटमध्ये मथुराबाई राहतात. शुक्रवार पेठेतली जागा विकून इकडे आल्या, आणि वाघोलीत मिळते ती भाजी नसून पाला असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. जया त्यांना काकू म्हणायची, मीही म्हणतो. एका संध्याकाळी मी त्यांना बोलावलं, मूळ कॅसेट डेकवर लावली आणि काय ऐकू येतं ते सांगा म्हटलं.

त्यांनी बराच वेळ ऐकलं.

“पंखा,” त्या म्हणाल्या. “तो माझ्याकडेही आहे.”

मी चहा टाकायला आत गेलो, दूध नव्हतं म्हणून खाली दुकानात गेलो. परत आलो तर मथुराबाई खुर्चीतून उठून दारापर्यंत आल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

“काय चेष्टा आहे ही, गजभिये? जयाचा आवाज आहे हा.”

“आत्ता येतोय?”

त्यांनी कान दिला. “नाही. तुम्ही जिना चढायला लागलात आणि थांबला.”

चूक पुन्हा घडवून दाखवावी लागते. मी त्यांच्या पाया पडलो, त्यांना परत बसवलं आणि खाली पार्किंगमध्ये गेलो. वर आलो. पुन्हा गेलो. दर वेळी तेच. मी घरात नसलो की ती बोलायची. मी जिन्यावर पाऊल ठेवलं की पंखा.

“काय बोलते, काकू?”

“साधंच हो. डाळ संपत आली. गॅलरीतले कपडे वाळले का.” त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या. “मध्ये मध्ये थांबते. कोणीतरी उत्तर देत असल्यासारखी.”

“कोण?”

“ते नाही ऐकू येत. पण ती ‘अहो’ म्हणते. आता ‘अहो’ कोणाला म्हणेल ती?”

मी फोनचा उपाय करून पाहिला. मथुराबाईंनी फोन डेकजवळ धरला, मी सोसायटीच्या गेटपाशी उभं राहून ऐकलं. पंखा. मी घरात नसताना तो आवाज दुसऱ्या यंत्रावर उतरवला, आणि परत येऊन ऐकला. पंखा. डेकमधून कॅसेट काढली तेव्हा बोटाला तपकिरी पूड लागली. जुनी टेप झिजत होती. प्रत्येक वेळी वाजवताना थोडी थोडी झडत होती. त्याच सुमारास नेटवरच्या लोकांनीही लिहायला सुरुवात केली, की बाईचा आवाज आता पूर्वीसारखा येत नाही, फाइल बदलली का? मी काहीही बदललं नव्हतं.

“पुरे करा आता,” मथुराबाई म्हणाल्या. “मी काही परत ऐकायला येणार नाही. तुमच्यापाशी यायचं असतं तर ती आली असती.”

“एकदाच, काकू. मला फक्त एकदा ऐकायचंय तिला.”

“मला ऐकू येतं आणि तुम्हाला नाही, याचा अर्थ कळतो का तुम्हाला? मला तरी नाही कळत. पण बरा नसणार.” त्या गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मला त्यांचा राग आला नाही. माझी अवस्था राग येण्याच्या पलीकडे गेली होती. दाढी नाही, ऑफिसला दांड्या, जेवण म्हणजे बिस्किटं. मी फरशीवर डेकसमोर बसून अक्षरशः भीक मागायचो. काहीही बोल. शिवी दे. डाळ संपली म्हण.

आणि मग असंच बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं की मी प्रयोग चुकीचा करतोय. मी पार्किंगमध्ये थांबत होतो, गेटपाशी थांबत होतो, सगळा जीव कानात आणून. म्हणजे मी गेलेलोच नव्हतो. पूर्वी आम्ही खरोखर जायचो. घराचा विचारही डोक्यात नसायचा.

रविवारी सकाळी मी दाढी केली, आंघोळ केली. पातेल्यात माइक ठेवला. पंखा लावला. एका डेकवर ती झिजलेली कॅसेट सुरू केली, दुसऱ्यावर रेकॉर्डचं बटण दाबलं. दाराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, पिशवी घेतली आणि मंडईत गेलो.

तिथे मी दोघांची भाजी घेतली. मेथीची जुडी, वांगी, आलं. एका भाजीवालीशी लिंबांवरून हुज्जत घातली. चहा प्यालो. कितीतरी दिवसांनी ऊन बरं वाटलं, आणि खरं सांगतो, काही वेळ मी तिला विसरलो.

परत आलो तेव्हा दुपार उलटली होती. कॅसेट केव्हाच संपून डेक बंद पडलेला असायला हवा होता. मी जिना चढलो.

दाराला कुलूप नव्हतं.

आत कोणीतरी बोलत होतं. मी पिशवी छातीशी धरून दाराला कान लावला.

जया.

बसका आवाज, शेवटी किंचित हसू. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतके दिवस मी आठवत होतो ते किती चुकीचं होतं! हा त्याहून खालच्या पट्टीतला होता, त्याहून थकलेला, त्याहून कितीतरी चांगला.

“अहो, दारात कोणी आलंय का?” ती म्हणाली.

“कोणी नसेल,” आतला माणूस म्हणाला. “जेव तू.”

तो आवाज माझा होता.

मी दार ढकललं. ते हललं नाही. आतून कडी होती. मी किल्ली काढायला खिशात हात घातला. किल्ली नव्हती.

मागे पावलं वाजली. मथुराबाई कुठूनशा येत होत्या, हातात पिशवी. मला बघून थबकल्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जसं आमच्या जिन्यात येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला न्याहाळतात.

“कोण हवंय आपल्याला?”

“काकू, मी…”

“गजभिये ना? आहेत की घरात, दोघंही. रविवारी दुपारी कुठे जाणार? बेल वाजवा.” आपल्या दाराचं कुलूप उघडता उघडता त्या पुन्हा वळल्या. “दाराला कान लावून उभं राहायची पद्धत नाही हो आमच्याकडे.”

त्यांचं दार लागलं.

बेल माझ्या खांद्याजवळच होती. बोट तिच्यापर्यंत गेलंही. पण बेल वाजवली असती, तर तिचं बोलणं थांबलं असतं.

मी हात खाली घेतला. पिशवीचा आवाज होऊ नये म्हणून ती हळूच पायरीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो. आत ताटं सरकली. भांड्याला भांडं लागलं.

“मीठ बरोबर आहे ना हो?” जयाने विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं. तोवर आतून उत्तर गेलं होतं.