थाप पडली नाही तर

मी खरं तर फक्त पाटी धरायला गेले होते. चोवीस तासांच्या शर्यतीत दादाची गाडी समोरून गेली की तो कितवा आहे ते पाटीवर दाखवायचं, एवढंच काम. पण पहाटे दादाचं मनगट सुजलं, आणि राखीव चालक म्हणून नाव माझं होतं. लायसन्स आहे हो माझ्याकडे. धीर नाही.

"जा ससुल्या," वहिनी म्हणाली. माझ्या दचकण्यावरून हे नाव तिनेच ठेवलंय. "थोडा वेळ गाडी चालती ठेव. बंद पडली की बाद. इतक्या वर्षांत एकदाही शर्यतीचा शेवट पाहिलेला नाही आम्ही."

माझे पट्टे आवळताना दादा रिकाम्या सीटकडे बघून हसला. जुन्या मोटारींची शर्यत ती, म्हणून शेजारची सीट ठेवावी लागते. पूर्वी तिथे मेकॅनिक बसायचा. इंजिनाच्या आवाजात बोलणं कुठलं, तो चालकाच्या खांद्यावर थाप द्यायचा. एक थाप म्हणजे मागून गाडी येतेय, दोन म्हणजे ब्रेक. दादा सांगू लागला, याच रस्त्यावर एकदा म्हणे अशी जोडी धुक्यातून पहिली आली. चालकाने आनंदाने शेजाऱ्याला मिठी मारली, तर अंग गार. डॉक्टर म्हणाले, हा जाऊन कितीतरी तास झालेत. चालक शपथेवर सांगत राहिला, थापा शेवटच्या वळणापर्यंत पडत होत्या.

"छान वेळ निवडलीस सांगायला," मी म्हटलं.

मी निघाले आणि धुकं उतरलं. वायपर फिरत होते, दिसत काहीच नव्हतं. तापलेल्या तेलाचा वास, हेल्मेटमध्ये घुमणारा माझाच श्वास. आणि खांद्यावर थाप. एकच.

मी किंचाळून बाजूला झाले. मागून एक गाडी सणसणत पुढे गेली.

"काय झालं गं?" रेडिओवर वहिनी.

"काही नाही… उचकी."

मग दोन थापा. मी ब्रेक दाबला. कुणाच्या तरी गाडीचं निखळलेलं चाक माझ्या पुढ्यातून घरंगळत गेलं.

शेजारी बघायची छाती झाली नाही. पण कसं सांगू, त्यानंतर भीतीच उडाली. थाप नाही म्हणजे रस्ता मोकळा, इतकं सोपं. मी पाय दाबला. वळणामागून वळण हाताखालून वाहत होतं. मी गात होते, खरंच.

"ससुल्या, अगं कितीजणांना मागे टाकलंस. तुला दिसतंय तरी का?"

"नाही."

"मग?"

"…मोकळं आहे, वहिनी."

दादाने मनगट घट्ट बांधून गाडी परत घेतली, तेव्हा मी अजून गातच होते. या वेळी त्याचे पट्टे मी आवळले आणि सगळं सांगून टाकलं.

"थाप पडली नाही तर बिनधास्त दाब," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. जिंकायचं होतं त्याला.

गाडी धुक्यात शिरली. वहिनी आणि मी कठड्यापाशी उभ्या. रेडिओवर दादा खुशीत होता. "अजून एकही थाप नाही गं. सुसाट चाललोय."

आणि माझ्या खांद्यावर थाप पडली. मग आणखी एक.

तो गाडीतून माझ्याबरोबर उतरला होता.

"दादा, ब्रेक. ब्रेक मार."

टायर किंचाळले. मग नुसती खरखर. वहिनीने डोळे मिटून घेतले.

"आडवी गाडी होती…" दादाचा आवाज आला, धापा टाकत. "हातभर राहिलं. इंजिन चालू आहे… निघतोय मी. पुढे मोकळं आहे का? सांग ना."

दोन्ही हातांनी रेडिओ घट्ट धरून, खांदा ताठ करून मी वाट पाहत राहिले. काहीच नाही.

शेजारी वहिनीने अंग आक्रसलं.

"ससुल्या, खांद्यावरचा हात काढ गं," ती कुजबुजली. "किती जड ठेवलायस…"