खडकातली बैठक

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासोबत घडलंय.

गुरुवार होता. दुपारचे सव्वाचार. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

आणखी एक सांगते. मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. अकरा वर्षं हेच काम करतेय. कानात नुसतं वाजतंय की खरंच बाहेरून आवाज येतोय, हे मला कळतं.

म्हणूनच त्या दिवसाचं काही केल्या डोक्यातून जात नाही.

ते घर शहरापासून दोन तासांवर आहे, जंगलात. सत्तर वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या आर्किटेक्टने बांधलेलं. एकही झाड न तोडता. हॉलच्या मधोमध एक झाड उभं आहे, छतातून आरपार वर गेलेलं. डोंगराचा खडक तसाच घरात घेतलाय. आणि फरशीखालून ओढा वाहतो. आता तिथे कुणी राहत नाही. तिकीट काढून लोक बघायला येतात.

आमची तिकिटं माझ्या धाकट्या बहिणीने काढून दिली होती.

"ताई, जरा बाहेर पडा दोघं. किती दिवसांत कुठे गेला नाहीत."

मला केवढं कौतुक वाटलं होतं तिचं!

घर दाखवायला एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आम्हाला बुटांवर कापडी पिशव्या चढवायला लावल्या. मग म्हणाल्या, "या घरात कुठेही जा, पाण्याचा आवाज तुमच्यासोबत येतो. आर्किटेक्टने तसंच बांधलंय."

खरंच होतं. जिन्यात पाणी. स्वयंपाकघरात पाणी. अगदी न्हाणीघरातही, नळ बंद असताना.

नवरा झाडाचे फोटो काढायला अंगणात गेला. बाकीची मंडळी बाईंच्या मागे वर गेली. माझे पाय दुखत होते. हॉलच्या कोपऱ्यात खडक कोरून एक बैठक केली होती, एका माणसापुरती. कुणी बसू नये म्हणून तिच्यासमोर लावलेली दोरी हुकातून सुटून लोंबत होती.

मी बसले.

आणि पाणी थांबलं...

कमी नाही झालं. थांबलं. कुणी नळ बंद करावा तसं.

मी कान चोळले. बैठकीवरून उठले, तर पाणी सुरू. बसले, तर...

काहीच नाही. वरच्या मंडळींची पावलंसुद्धा नाहीत.

मग खडकातून कुणीतरी हसलं.

ते हसणं मी जन्मापासून ओळखते. हसून झाल्यावर श्वास आत ओढायचा, उचकी लागल्यासारखा. माझी धाकटी.

माझ्या मानेमागे, वीतभर अंतरावर.

मागोमाग नवऱ्याचा आवाज आला.

"तिचं काय घेऊन बसलीस? दिवसभर लोकांचे कान तपासते. घरातलं तिला काही ऐकू येत नाही."

मी समोर पाहिलं. काचेच्या भिंतीपलीकडे नवरा उभा होता. मोबाइल वर धरून, फांद्यांचा फोटो घेत. ओठ मिटलेले.

धाकटी पुन्हा हसली.

आणि मग तिसरा आवाज आला... दबका, काळजीतला.

"हळू बोला रे. तिला कळेल."

ती आमची आई होती.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मला उठता येईना. कुणीतरी दंडाला धरून ओढलं, तेव्हा पाण्याचा आवाज अंगावर कोसळल्यासारखा आला. त्या बाई होत्या.

"बसलात?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कुणाचा आवाज आला?"

काय ऐकलं, हे त्यांनी विचारलं नाही. कुणाचा, एवढंच.

त्यांनी दोरी घट्ट अडकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला माझ्या मुलाचा आला होता. आठ वर्षं झाली."

"खरं निघालं?"

"विचारायचं धाडस झालं नाही. मी त्याच्याकडे राहणंच सोडलं."

परतीच्या वाटेला लागून अर्धा तास झाला होता. गाडी नवरा चालवत होता, गाणं गुणगुणत.

शेवटी मी म्हणाले, "तू आणि धाकटी हसत होतात. माझ्या कानांवरून."

गुणगुणणं थांबलं. त्याने गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते.

"तिने सांगितलं तुला?"

संपलं. कुठे, कधी, कसं, ते मी विचारायच्या आधीच तो बोलत सुटला. दोघांचं वर्षभर चाललं होतं. मी कामावर असताना, आमच्याच घरात. ते वाक्य तो आमच्या स्वयंपाकघरात बोलला होता. ओट्याला टेकून.

त्या दिवसाआधी त्या जंगलातल्या घरात दोघांपैकी कुणीही कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"तेव्हा आई होती तिथे?" मी विचारलं.

"कुणाची आई?"

"माझी. ती म्हणाली, हळू बोला."

"अगं, त्या जाऊन दोन वर्षं झाली. काय बोलतेयस तू?"

धाकटीलाही मी फोन केला. ती रडत होती, पाया पडते म्हणत होती. पण आईचं नाव काढल्यावर एकदम थांबली. म्हणाली, "ताई, मला वाट्टेल ते बोल. पण आईला यात ओढू नकोस. ती असती तर आमची हिंमत तरी झाली असती का?"

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. नवरा आता वेगळा राहतो.

ती दोघं खोटं बोलत असतील. दोन वर्षांहून जुनं असेल प्रकरण, आणि आईला सगळं माहीत असेल. शेवटच्या आजारपणात मी तिचे केस विंचरत होते, तेव्हाही.

किंवा ती दोघं खरं बोलत असतील...

मग गेल्यानंतरही आई आमच्या स्वयंपाकघरात येत होती. आणि आली, ती माझ्यासाठी नाही. त्यांना सावध करायला.

भिंतीवरचा आईचा फोटो मी उतरवलाय. फेकवत नाही. कपाटात ठेवलाय, तोंड आतल्या बाजूला करून.

कधी कधी वाटतं, दार उघडून तिला एकदाच विचारावं... आई, असं का केलंस?

विचारत नाही.

ती उत्तर देईल, याची भीती वाटते.