चादरीचं दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, असं मुलांना रोज बजावते. म्हणूनच हे लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली. पण जे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याला ऐकीव तरी कसं म्हणायचं?

अशा गोष्टी रात्री घडतात, असं आपण गृहीत धरतो.

ही भर दुपारी घडली. थंडीतला रविवार होता, आणि जागा होती माझ्या मावशीची लाँड्री.

आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं. तिला मूलबाळ नव्हतं. ती आणि काका, म्हणजे तिचे यजमान, दोघं मिळून हॉटेलांच्या चादरी धुऊन द्यायची. खाली लाँड्री, वर एक खोली. माझा अभ्यास त्या इस्त्रीच्या वाफेतच झाला.

मोठ्या पलंगाची चादर एकट्याने नीट घडी होत नाही. दोन माणसं समोरासमोर लागतात. एकाने टोक फेकायचं आणि म्हणायचं, "धर." मग ताणायची, झटकायची, चालत एकमेकांजवळ यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. समोरच्याची पकड पक्की झाली की तो म्हणतो, "सोड." तो म्हणेपर्यंत हात काढायचा नाही, नाहीतर चादर जमिनीवर आणि धुणं पुन्हा पहिल्यापासून.

एरवी मावशी काकांना अहो-जाहो करायची. चादर हातात आली की मात्र "धर" आणि "सोड". तिथे मानपान नव्हता. दोघांचं भांडण झालेलं असलं की चादर जरा जास्तच जोरात झटकली जायची, एवढंच.

मग एक दिवस काका अचानक गेले. चालत्या इस्त्रीपाशीच कोसळले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी मावशीला कायमची माझ्याकडे न्यायला आले. मी एकटीच राहते. घरी गेल्यावर "आलीस का?" असं विचारणारं कुणीतरी असावं, असं मला वाटत होतं. तिच्यासाठी आले होते, हे खरंच. माझ्यासाठीही आले होते.

लाँड्रीच्या शेजारी चावीवाल्याचं दुकान आहे. मला पाहून तो हसला.

"न्यायला आलात वाटतं वहिनींना? न्या, न्या. पण त्या येतील असं काही दिसत नाही हो."

"का?"

"काम जोरात आहे त्यांचं. दोघांचं काम एकट्या करतात. आमच्या घरी चौघं आहोत, एकाचंही होत नाही."

मी हसले. आत गेले.

मावशी वाळली होती. मला जवळ घेतलं, तेव्हा तिची बोटं मानेला लागली आणि मी दचकले.

बर्फासारखी होती.

"पाण्यात काम असतं ना गं," ती म्हणाली. "चल, जेवून घे आधी. चेहरा बघ केवढासा झालाय. मुलं फार छळतात का?"

मी पाहत होते कपाटाकडे. मोठ्या चादरींच्या घड्या रचून ठेवल्या होत्या. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. एक सुरकुती नाही.

"मदतीला कुणी ठेवलंयस?"

"नाही."

"मग या घड्या?"

"भात गार होतोय," मावशी म्हणाली.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "तू वर पड जरा. मी खालचं आवरून येते." रविवारी लाँड्री बंद असते. यंत्रं थांबलेली, शटर ओढलेलं. मी पांघरूण घेऊन पडले. डोळा लागत होता, आणि...

फट्ट.

चादर झटकल्याचा आवाज.

लहानपणापासून कानात बसलेला. एकट्याने झटकली तर चादर फडफडते. असा कोरडा, टणक आवाज दोन्ही टोकं ताणलेली असली तरच येतो.

मी उठून बसले.

मावशीच्या चपला वाजल्या. पुढे आल्या. थांबल्या. मागे गेल्या.

समोरून येणारी पावलं मात्र...

नव्हती.

"आज थंडी आहे," मावशीचा आवाज आला. मग शांतता. उत्तराला लागेल तेवढीच. मग पुन्हा मावशी, "चिमणी आलीये. वर झोपलीये."

चिमणी म्हणजे मी.

मी अनवाणी जिना उतरले.

खोलीच्या मधोमध एक पांढरी चादर आडवी ताणलेली होती. अलीकडच्या टोकाला मावशी, माझ्याकडे पाठ करून. पलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची रांग होती. त्या रांगेतून दोन हात बाहेर आले होते. उजव्या मनगटावर इस्त्रीचा जुना, लांबट डाग.

तो डाग मला ठाऊक होता. मीच त्यावर कितीदा मलम लावलं होतं.

मावशी पुढे चालली. ते हातही पुढे आले. कपडे बाजूला सरले...

काका होते.

ज्या शर्टात आम्ही त्यांना पोचवलं, तोच शर्ट. शेवटपर्यंत लावलेली बटणं. चेहरा त्यांचाच, पण घरातून सगळं सामान हलवल्यावर खोली दिसते ना, तसा. डोळे उघडे होते. ते कशाकडेच पाहत नव्हते. थंडीमुळे मावशीच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्यांच्या तोंडातून निघत नव्हती.

मी किंचाळले असेन. मावशी वळली नाही. तिचे हात टोकात अडकलेले होते.

"ओरडू नकोस, बाळा. शेजारी चावीवाला आहे."

"मावशी... ते काका नाहीत."

"ठाऊक आहे मला."

"मग कोण आहे हे?"

तिने सांगितलं. चादर न सोडता, समोर बघतच.

"शेवटी त्यांच्या अंगावर चादर घालायची होती. दवाखान्यातला माणूस म्हणाला, मी घालतो. मी म्हटलं, नको, आमची चादर आहे, मीच घालते. फेकली... आणि सवयीने तोंडातून गेलं, धर."

"कुणाला?"

"दुसऱ्या कुणाला म्हणणार? जन्मभर त्यांनाच म्हणत आले. पुढच्या रविवारी मी इथे एकटीच चादरीशी झटत होते. तर पलीकडचं टोक उचललं गेलं."

"बोलतात?"

"नाही. खात नाहीत, पीत नाहीत. हाक मारली तर बघत नाहीत. चादरी संपल्या की त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. सोमवारी सकाळी नसतात." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "यांच्यात तुझे काका नाहीत गं. मी शोधून पाहिलंय. पण टोक धरायला कुणीतरी आहे."

ती शेवटच्या घडीसाठी पुढे गेली. दोघं अगदी समोरासमोर आली. कोपऱ्याला कोपरा लागला. तिची बोटं त्यांच्या बोटांना टेकली आणि मी पाहिलं...

तिच्या बोटांचा रंग त्यांच्या बोटांसारखा होता. राखाडी. पार मनगटापर्यंत.

"मावशी, हात!"

"हो. इस्त्रीचा चटका कळत नाही हल्ली. दर वेळी जरा जास्त वेळ धरतात."

मी जवळ गेले. त्यांच्या इतक्या जवळ, की त्यांच्या शर्टाचा साबणाचा वास आला. साबणाचाच. दुसरा कसलाही नाही, माणसाचाही नाही.

"हात काढ. आत्ता. माझ्यासोबत घरी चल."

"थांब, अजून ते सोड म्हणाले नाहीत."

"ते कधीच म्हणणार नाहीत, मावशी! ते बोलत नाहीत!"

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. भीती नव्हती त्या नजरेत. विनवणी होती.

मी तिच्या कमरेला मिठी घातली आणि सगळा जोर लावून मागे ओढलं.

तिची बोटं सुटली.

चादर खाली पडली नाही.

मावशीचं टोक तसंच हवेत राहिलं. ताणलेलं. कुणीतरी अजून धरून ठेवल्यासारखं.

काका जागचे हलले नाहीत.

मी शटर उचललं, तिला बाहेर काढलं, शटर ओढून कुलूप घातलं. ती एका शब्दानेही आडवी आली नाही. गाडीत बस म्हटलं, बसली.

मावशी आता माझ्याकडे असते.

जेव म्हटलं की जेवते. झोप म्हटलं की झोपते. काही म्हटलं नाही, तर जिथे असेल तिथे उभी राहते. बोटांचा रंग परत आला आहे, नाडी व्यवस्थित आहे. डॉक्टर म्हणतात, दुःखाचा धक्का आहे, वेळ लागेल. मीही तसंच म्हणायचे. संध्याकाळी शाळेतून आले की तिच्यासमोर बसते आणि दिवसभराचं सगळं सांगते. ती ऐकते की नाही, कळत नाही.

"आलीस का?" असं तिने मला अजून एकदाही विचारलेलं नाही.

परवा चावीवाल्याचा फोन आला.

"ताई, लाँड्रीची चावी दुसऱ्या कुणाला दिलीत का?"

"नाही. का हो?"

"कुलूप तर जसंच्या तसं आहे. मी स्वतः पाहिलं. पण काल रविवार होता ना... आतून चादरी झटकल्याचा आवाज येत होता. आणि बोलणं."

"कुणाचं?"

"एका बाईचंच. दुसरं कुणी बोलत असेल तर ऐकू आलं नाही." तो घुटमळला. "खरं सांगू का? आवाज वहिनींचा वाटला. मध्येच हसत होत्या. फार दिवसांनी ऐकलं हो त्यांना हसताना. मला वाटलं, परत आल्या. म्हणून शटर वाजवलं... तर एकदम चिडीचूप."

मी फोन कानाला लावूनच वळून पाहिलं.

समोर खुर्चीत मावशी बसली होती. हात मांडीवर. आदल्या दिवशी, रविवारभर ती तिथेच होती, माझ्या डोळ्यांसमोर.

"ताई? कुलूप तोडून बघू का आत?"

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."

फोन ठेवला. स्वयंपाक केला. तिला जेव म्हटलं.

मावशी घरात आहे, आणि मला मावशीची फार आठवण येते.