दिव्याचे तास

पटलं तर बघा. मला खोटं बोलून काय मिळणार? बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, भुताच्या गोष्टींना मीच खदाखदा हसायचो.

मार्चमधला मंगळवार. दुपार. ताईचं सासर, दुसरा मजला.

दाजींना जाऊन साठ दिवस झाले होते. त्यांचा अवाढव्य टीव्ही हॉलमध्ये तसाच होता. जुना प्रकार... आत एक दिवा असतो, तो मागून पडद्यावर चित्र पाडतो. दिवा किती तास जळला, हे टीव्हीच मोजतो. तो आकडा फक्त मेकॅनिकला काढता येतो.

दाजी गेले त्याच दिवशी सकाळी मी नवा दिवा बसवून आकडा शून्यावर आणला होता.

"बघ तुझ्या बहिणीचे प्रताप," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. "तीनला माझा डोळा लागला की ही टीव्ही लावते. सहाला उठून हात लावते, तर मागून गरम!"

"अरे, मी नाही रे लावत," ताई रडकुंडीला आली.

मी आकडा काढला.

एकशे ऐंशी.

रोजचे तीन तास. अगदी चोख.

आणि मी दीडशहाणा म्हणालो, "ताई, यंत्र खोटं बोलत नाही."

संध्याकाळी सासूबाईंनी ताईची बॅग दाराबाहेर ठेवली. मी तिला आमच्या घरी आणलं. कटकट नको म्हणून दिवाही काढला आणि दुकानातल्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवला.

पाच दिवसांनी सासूबाईंचा फोन. टीव्ही कुणाला तरी देऊन टाकायचा होता. मी दिवा परत बसवला. सहज आकडा काढला...

एकशे पंच्याण्णव.

पाच दिवस. पंधरा तास.

दिवा नसला की तो टीव्ही ढिम्म सुरू होत नाही! आधी म्हातारीचाच संशय आला. पण ती तरी काय करणार? दिवा माझ्या ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या खिशात.

हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. तो न उचलताच घरी आलो.

"ताई, चुकलो गं. तू लावत नव्हतीस."

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तेच सांगत होते. पण मग कोण लावतं, हे तू विचारलंच नाहीस."

मी तेव्हाही विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी टीव्ही गेला. कुणी नेला, मला ठाऊक नाही.

आमचा टीव्ही नवा, पातळ, भिंतीवरचा. त्यात तसला दिवा नाही, तो थंड करणारा पंखाही नाही.

काल तीन वाजता ताई सोफ्याच्या एका टोकाला बसली होती. शेजारी एका माणसाची जागा सोडून. टीव्ही बंद होता.

आणि त्याच्या मागून... पंख्याची घरघर येत होती.

ताईने मला बघितलं. हळूच म्हणाली, "दार लोटून घे. त्यांना उजेड आवडत नाही."

मी दार लोटलं. सहा वाजेपर्यंत बाहेरच उभा होतो.