अजून थोडं पातळ

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिच्या चष्म्याची काडी तुटली आणि एक डोळा मिटून, भिंतीच्या कडेकडेने चालत ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात पोहोचली. काउंटरवर कोणी नव्हतं. मागच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती. थांबून थांबून, एखादा लाजाळू पाहुणा दार वाजवत असल्यासारखी.

"आत जा," खुर्चीत स्वेटर विणत बसलेली चष्मेवाल्याची आत्या म्हणाली. "हाका मारून उपयोग नाही. अर्धं त्याला ऐकू येत नाही, उरलेलं तो ऐकत नाही."

आत लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास होता. भिंतीवर त्याने फावल्या वेळात बनवलेली मॅंडोलिनं टांगलेली. तो देवदाराची एक फळी कानाशी धरून बोटाने ठोकत होता.

"काय म्हणते?" तिने विचारलं.

"तेच तर कळेना."

मग त्याने सांगितलं. मॅंडोलिनची वरची फळी खरवडत खरवडत पातळ करायची, मधूनमधून ठोकायची. जाड असते तोवर ती मुकी. नेमकी झाली की घुमते, बोलते. तिथे हात थांबवायचा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. पण त्याच्या कानांतून बारीक सूर निसटत चालले होते. राहिलेलेही जातील, असं डॉक्टरांचं मत होतं. त्याआधी हे एक शेवटचं मॅंडोलिन त्याला पुरं करायचं होतं.

"मी सांगू ऐकून? दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारीच ऐकते. त्यात एका फळीची भर."

"फळी तक्रार करत नाही."

"मग तर येतेच."

ती रोज कामावरून सुटली की येऊ लागली. तो पोलादी पातीने खरवडायचा, ती कान लावून ठोकायची. तिच्या गालाला भुसा लागायचा. तो नुसता बोटाने दाखवायचा... एकदा मात्र चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने त्याने तो स्वतः पुसला, आणि त्या दिवसापासून 'अहो-जाहो' आपोआप गळून पडलं.

"तुझा चष्मा केव्हाच झाला ना गं?" आत्या विचारायची.

"काडी जरा सैल वाटते, आत्या."

"काडी नाही, दुसरंच काहीतरी सैल झालंय."

ऑफिस दुसऱ्या शहरात हलणार, हे तिला एका सकाळी कळलं. नोकरी ठेवायची तर जायला हवं होतं. आजारी वडिलांच्या घरात कमावणारी ती एकटीच. त्याच संध्याकाळी तिने फळी ठोकली आणि फळी बोलली. स्वच्छ, गोल, लांबवर घुमत गेलेला आवाज.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"अजून थोडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्याही.

शेवटी त्याने फळी चिकटवली, तारा चढवल्या. पहिला सूर असा निघाला की आत्याच्या सुया थांबल्या. सकाळी बघतात तर तारांच्या ताणाने, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीखालची फळी आत दबलेली.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. त्याला ओठ दिसावेत म्हणून समोर उभी राहून, सावकाश. "फळी आधीच बोलली होती. मी सांगितलं नाही. ती झाली असती, तर मी इथे कशाला यायचं?"

त्याने जाडी मोजायचं कॅलिपर उचलून तिच्या हातात ठेवलं.

"ऐकू येत नाही मला. मोजता येतं की."

"म्हणजे तुला..."

"रोज मोजत होतो."

"मग हात का नाही थांबवलास?"

"तू 'अजून थोडं' म्हणायचीस ना."

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मग तिने ऑफिसचं सांगितलं. तो पात पुसत राहिला — ती स्वच्छ होती तरी.

"थांब म्हण," ती म्हणाली. "वडिलांचं, नोकरीचं काहीतरी बघेन मी. तू एकदा म्हण."

"उद्या तुझा आवाजही मला ऐकू येणार नाही. मग पस्तावशील."

"पस्तावायचं की नाही ते माझं मी ठरवीन."

त्याने पात खोक्यात ठेवून झाकण लावलं. निघताना दारातून ती म्हणाली, "निदान तारा तरी उतरव. फळी वाचेल."

"मग वाजणार नाही," तो म्हणाला.

ती गेली. नव्या शहरातही तेच काम, त्याच तक्रारी. तो फोनवर येत नाही, आत्या येते. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे हल्ली दुकान बंद करताना तो ते मॅंडोलिन छातीशी घेतो, हनुवटी त्याच्या कडेवर टेकवतो आणि वाजवतो. आवाज हाडांतून पोहोचतो म्हणे.

"आणि फळी?" तिने परवा विचारलं.

"आणखी खचलीय. तारा उतरव म्हटलं, तर म्हणतो, अजून थोडं."

तारा अजून चढवलेल्याच आहेत.