टीव्ही नसलेला कॉम्प्युटर

निळी केबल कापलेली होती. तिचं टोक टेबलाखाली लोंबत होतं आणि काल संध्याकाळपर्यंत जिथं जुना कॉम्प्युटर घुरघुरत होता, तिथं आता धुळीचा नुसता चौकोन उरला होता.

"चोरी झाली," धर्मराज म्हणाला.

"तुला दिसून राह्यलं, मला काय न्हाई दिसत?" शिवकन्या त्याच्या अंगावर खेकसली.

ती खेकसणारच. नवीन जालन्यातल्या त्या वाचनालयाला गेल्या वर्षी कुणीतरी चार नवे कॉम्प्युटर भेट दिले होते. पण आज या खुर्चीवर बसा, उद्या त्या खुर्चीवर. काल केलेलं काम आज सापडेल तर शपथ! रोज भांडणं व्हायची. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत धर्मराजचा इंजिनिअरिंगवाला मामेभाऊ आला. एका ऑफिसातून टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर त्यानं मुलांना हाताशी धरून उघडला, त्यात मोठी हार्डडिस्क बसवली आणि सगळ्यांच्या फायली सांभाळायला कोपऱ्यात ठेवून दिला. चारही नवे कॉम्प्युटर केबलनं त्याला जोडलेले. कुठंही बसा, फाइल त्याच्यातली उघडायची. मामेभाऊ त्याला सर्व्हर म्हणायचा, म्हणून मुलंही म्हणायला लागली. त्याला ना पडदा लागायचा ना कीबोर्ड.

आणि त्याच सर्व्हरमध्ये शिवकन्याच्या आजीचा, गोजरबाईचा आवाज होता. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा शिवकन्यानं आजीला इथं आणून माइकसमोर बसवलं होतं आणि तिच्या सगळ्या गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. ऑपरेशन झालं. आजी वाचली, आवाज मात्र गेला. त्या गोष्टींची दुसरी कॉपी कुठंच नव्हती. सीडी काढून आणू, काढून आणू म्हणत तिघांनी मे महिना आणला होता, आणि त्या आळसापायी शिवकन्याला आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

बेबीनंदा तिघांत लहान, पण डोकं थंड. तिनं दाराचं कुलूप पाहिलं. शाबूत होतं. नवेकोरे चार कॉम्प्युटर जागच्या जागी होते. मग तिनं केबलचं टोक हातात घेतलं.

"चोर नवे सोडून जुना कशाला नेईल? अन् केबल तर क्लिप दाबली की निघती. यानं कापली. ज्यानं नेला त्याला हा कॉम्प्युटर हाये हेच माहीत नव्हतं."

कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक मुलांकडं, दुसरी वाचनालयाचे अध्यक्ष काकासाहेब यांच्याकडं.

काकासाहेबांना मुलं आवडत नसत आणि ते हे लपवतही नसत. पंखा जोरात लावू नका, हसू नका, चपला ओळीत काढा. वाचनालय जणू त्यांच्या सासऱ्यानं आंदण दिलेलं! उद्या त्यांनी 'संगणक कक्षा'चं उद्घाटन ठेवलं होतं. कक्ष वर्षभर चालू होता, पण फीत कापायची राहिली होती आणि फीत कापल्याशिवाय काकासाहेबांना घास गिळत नव्हता.

त्यांच्याकडं जाण्याआधी बेबीनंदानं दोघांना बजावलं, की कॉम्प्युटर गेला एवढंच सांगायचं. कोणता गेला, ते सांगायचं नाही.

अंगणात मांडव घालणं चाललं होतं. वाचनालयातला कॉम्प्युटर चोरीला गेलाय आणि आम्ही पोलिसांत चाललोय, असं धर्मराजनं सांगताच काकासाहेब भडकले. तुम्हीच काहीतरी मोडलं असेल आणि आता नाटक करताय, उद्या पाहुणे यायचे अन् आज दारात पोलीस आणता का, असं बरंच बोलले. बोलता बोलता त्यांचा तोल गेला.

"अन् चोरी कशाची रे? चार टीव्ही चार जागी हायेत बराबर. त्या कोपऱ्यातल्या डब्ब्याला साधा टीव्ही न्हाई, त्याला काय कॉम्प्युटर म्हणता?"

बेबीनंदा अगदी हळू म्हणाली, "काका, कोपऱ्यातला गेला, असं आम्ही म्हणलोच न्हाई."

काकासाहेबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग ते उलट जास्तच ओरडले. हो, मीच दिला भंगारात! रात्रंदिवस घुरघुर करून वीज खायचा. मोडकं फाटक आणि गंजका रॅक सकाळीच टेम्पोनं एमआयडीसीकडच्या भंगारवाल्याकडं गेला, त्यातच तोही गेला. पाहुण्यांना काय ते खोकं दाखवायचं होतं?

जालन्यातल्या पोराला पुढचं सांगावं लागत नाही. भंगार स्टीलच्या मिलमध्ये जातं, वितळतं आणि त्याच्या सळया होतात.

"त्यात माझ्या आजीचा आवाज हाये," शिवकन्या म्हणाली. "तुम्ही आत्ताच्या आत्ता गाडी काढा. न्हाईतर उद्या पाहुण्यांना मी माइकवरून सांगते, तुम्ही काय केलं ते."

काकासाहेबांनी फटफटी काढली. शिवकन्या मागं बसली, धर्मराज आणि बेबीनंदा सायकलवर डबलसीट सुटले. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं.

भंगारवाला रामकिसनशेठ काकासाहेबांच्या वरताण निघाला. वजन झालं की माल माझा, पोरांना इथं फिरकू देऊ नका, कुणाच्या पायात पत्रा घुसला तर भरून कोण देणार? काकासाहेबांना असलं ऐकायची सवय नव्हती. दोघांची चांगलीच जुंपली.

तेवढ्यात शिवकन्याला तो दिसला. सर्व्हरचा पत्रा ठोकून सपाट केला होता आणि लोखंडाच्या ढिगावर फेकला होता. ती तिथंच मातीत बसली.

धर्मराज मात्र बाया माल निवडत होत्या तिकडं टक लावून बघत होता. तांब्याच्या तारा एकीकडं, अॅल्युमिनियमची पातेली आणि कुकरची झाकणं दुसरीकडं. लोखंडात दुसरं काही मिसळलं की मिलवाले माल परत पाठवतात, म्हणून ते आधीच उपसून काढतात.

"ऊठ ना," त्यानं शिवकन्याचा हात ओढला. "हार्डडिस्कचं कवच अॅल्युमिनियमचं असतंय. ती लोखंडात न्हाई, पातेल्यांत असंल!"

मोठी माणसं भांडत होती, ते बरंच झालं. तिघं ढिगात घुसली. चेंबलेली पातेली, झारे, झाकणं भराभर उपसली. काहीच नाही. तेव्हा बेबीनंदानं बोट दाखवलं. पलीकडं एक माणूस ऐरणीवर एक चपटी चकचकीत डबी ठेवून हातोडा उचलत होता. आतलं लोहचुंबक त्याला हवं होतं. डबीवर धर्मराजनं हार्डडिस्क बसवताना मार्करनं काढलेला दात विचकलेला चेहरा होता.

शिवकन्यानं सरळ झेप घेतली आणि डबी पोटाशी धरली. हातोडा रिकाम्या ऐरणीवर आदळला. त्या माणसानं तिला अशा शिव्या हासडल्या की भांडणारे दोघंही गप्प झाले.

रामकिसनशेठनं ही पीडा एकदाची टळावी म्हणून हार्डडिस्क तर दिलीच, वर कुठल्याशा ऑफिसातून आलेला एक धड जुना कॉम्प्युटरही देऊन टाकला. तो पेट्रोलच्या टाकीवर ठेवून, छातीनं दाबून धरत काकासाहेबांनी परत आणला. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पार वाट लागली. दिवेलागणीला धर्मराजनं हार्डडिस्क त्यात बसवली, नवी केबल जोडली आणि बटण दाबलं. सर्व्हर घुरघुरला. सगळ्या फायली जागेवर होत्या!

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. गोजरबाई पहिल्या रांगेत बसली होती. पाहुण्या म्हणून आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका केशरबाईंनी फीत कापली. मग काकासाहेबांनी माइक धरला तो सोडेचनात. मुलांनी जुन्या कॉम्प्युटरचा असा उपयोग केला, पण मूळ कल्पना माझी; माझं मार्गदर्शन, माझी धावपळ.

धर्मराज दातओठ खात होता. काकासाहेबांनी गाडी काढली होती, त्यामुळे ठरल्याप्रमाणे शिवकन्या माइकवर काही बोलणार नव्हती. ती केबल ओढून स्टेजवर मांडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि सर्व्हरमधली आजीची फाइल उघडली. कर्ण्यातून गोजरबाईचा खणखणीत आवाज मांडवभर घुमला.

"आरं गप बस की! किती बोलून राह्यला मघापासून? आता मी सांगते, तू ऐक."

रेकॉर्डिंगच्या वेळी बडबडणाऱ्या धर्मराजला ती तसं म्हणाली होती. पण काकासाहेबांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. मांडवात आधी खसखस, मग हशा, मग टाळ्या. काकासाहेब खाली मान घालून खुर्चीत जाऊन बसले. केशरबाईंनी मुलांना पुढं बोलावलं, पाठ थोपटली आणि काकासाहेबांकडची किल्ली मागून बेबीनंदाच्या हातात दिली.

गोष्ट सुरू झाली. गोजरबाई उठली, स्टेजपाशी आली आणि तिनं नातीच्या कानशिलावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग ती तिथंच पायरीवर बसली आणि कर्ण्यातल्या आवाजाबरोबर, एकही शब्द न चुकता, ओठ हलवू लागली.