भट्टी निवताना

खाणीत माझं काम भेगा मोजण्याचं. आसपासच्या वस्तीत भिंतीला तडा दिसला की त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवायची, तारीख घालायची आणि महिन्याने जाऊन पाहायचं. भेग वाढली असेल तर काच तुटते. काच शाबूत असेल तर तक्रार निकालात. काच खोटं बोलत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो.

वस्तीतलं नववं आणि शेवटचं घर माझ्या मावशीचं. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, मडकी घडवायचे. माझं शिक्षण त्यांच्याच घरी, त्यांच्याच मडक्यांवर झालं. भट्टी उघडली की काका एकेक मडकं मांडीवर घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचे आणि कान लावायचे. खणखणीत वाजलं तर उजवीकडे. शंका आली तर बुडाशी आणखी एकदा. बद्द वाजलं, तर मागच्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून. मग आम्हा पोरांना रांगेत उभं करून आमची कपाळं वाजवायचे. "खणखणीत! पक्का भाजलाय," म्हणून सोडून द्यायचे. मी बाप झालो तरी त्यातून सुटलो नव्हतो. माझी सहा वर्षांची मुलगीही माझ्याकडून कपाळ वाजवायचं शिकली होती.

खाण टेकडीपर्यंत आली आणि रोज दुपारी दोनला सुरुंग उडू लागले. आधी काकांचं मातीचं तळं कुंपणाच्या आत गेलं. ते लांबून माती आणू लागले. मग मडकी बद्द वाजायला लागली.

"भट्टी निवताना हादरा बसतो," काका म्हणाले. "निवायला दोन दिवस लागतात. महिन्यातून दोनदाच तर भट्टी लावतो मी. तेवढे चार दिवस सुरुंग थांबवा म्हणावं. तू अहवालात एक ओळ लिही, बाळा. तुझं ऐकतील."

मी मडकी तपासली. भिंग लावलं; तडा नाही. दिवसभर पाणी भरून ठेवलं. थेंब गळला नाही. भिंतींवरच्या काचाही शाबूत. पण वाजवलं की बद्द. गिऱ्हाईकसुद्धा वाजवूनच घेतं. लोक मडकं उचलायचे, वाजवायचे, खाली ठेवायचे आणि काकांच्या नजरेला नजर न देता पुढे जायचे.

पुढच्या खेपेला मावशीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. फळीवरचं पितळी पातेलं काढून त्यावर चमचा आपटला. लाकडावर आपटल्यासारखा आवाज आला.

"लग्नातलं आहे रे," ती म्हणाली. "आता सगळं घरच असं वाजतं. सायकलची घंटासुद्धा. हसू नकोस."

मी हसत नव्हतो.

त्याच आठवड्यात अहवाल द्यायचा होता. साहेब वस्तीच्या तक्रारींना कंटाळले होते आणि बढतीच्या यादीत माझं नाव होतं. मी लिहिलं : हादरे मर्यादेत आहेत. मडक्यांतील दोष निकृष्ट मातीमुळे आहे. काकांनी एक ओळ मागितली होती, मी दोन दिल्या. ती वाक्यं आठवली की अजून माझी मला लाज वाटते.

काकांच्या कानावर ते गेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. जवळ आले, माझं कपाळ वाजवलं, कान लावला. मग पुन्हा एकदा वाजवलं. आणि आत निघून गेले.

त्यानंतर भट्टी पेटली नाही. दोघं लेकीकडे राहायला गेले. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात काकांनी तीन महिने काढले आणि तिथेच वारले. मला ते पंधरा दिवसांनी कळलं. एकेक करत बाकीची घरंही उठली. वस्ती रिकामी झाल्यावर काचा काढून आणायला मलाच पाठवलं.

दोनचा भोंगा झाला. सुरुंग उडाले. धूळ खाली बसली. मी मावशीच्या मागच्या खोलीत भिंतीवरची पट्टी खरवडत होतो. पट्टी शाबूत होती.

टक.

आवाज वस्तीच्या पहिल्या घरातून आला. मग थोडी शांतता, कान लावण्यापुरती. पुन्हा टक. आता दुसरं घर.

बद्द. प्रत्येक घर बद्द.

मी मोजत होतो. सवयच ती. सहावं. सातवं. आठवं.

माझा तळवा भिंतीला टेकलेला होता. पलीकडून पेर आपटलेलं मला हाताला जाणवलं. मग खाली, माझ्या पायांजवळ, आणखी एकदा.

हत्यारं तिथेच टाकून मी निघालो.

घरी पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. मुलगी दारातच आली.

"बाबा, वाका."

मी वाकलो. तिने कपाळ वाजवलं, कान लावला. "खणखणीत" ऐकायची मी वाट पाहिली. तिने पुन्हा वाजवलं.

तिचा चेहरा उतरला.

ती कधी भट्टीवर गेली नव्हती. बद्द मडक्यांचं पुढे काय व्हायचं, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिने माझं बोट धरलं, मला मागच्या खोलीत नेलं आणि दोन्ही हातांनी, हळूच, माझं तोंड भिंतीकडे केलं.